कल्हई केलेली घंटा

घंटा आमच्या घरी आली ती पोत्यात, धानाच्या कोंड्यात रुतवून. सोबत तहसीलदारांचा शिपाई आणि तहसीलदारांचं पत्र. मी पोच लिहून दिली: पोतं एक, कोंडा, घंटा एक, आतला लोलक नाही. शिपायाला पाणी दिलं आणि मग पत्र वाचलं. एरवी मी आधी वाचते आणि मग सही करते, पण शिपायाला परतीची गाडी पकडायची होती.

पत्र ह्यांच्या नावाचं होतं. हे गोंदियाच्या हायस्कुलात सायन्स शिकवत. तहसीलदारांनी विचारलं होतं, ही वस्तू कोणत्या धातूची आहे आणि किती जुनी आहे, हे रसायनशास्त्राच्या आधारे कळवावं. उन्हाळ्याची सुट्टी होती. सुट्टीत ह्यांच्या हाताला काम नसलं की ते माझ्या कोठीघराची फेरमांडणी करायला घेतात. म्हणून घंटा आल्याचं मला बरंच वाटलं.

हे सगळं दुसरी लढाई सुरू होण्याच्या दोनएक वर्षं आधीचं. अर्जुनीच्या पुढे जंगलाला लागून एक गाव आहे. तिथल्या मालगुजारांच्या तलावाचा त्या उन्हाळ्यात गाळ काढत होते. गाळात कुदळ ठण्‌ करून वाजली आणि घंटा निघाली. वीतभर उंचीची, जाड काठाची, हिरवी पडलेली. मालगुजारांच्या दिवाणजींनी लगेच वर कळवलं. मालगुजारांना रावसाहेब व्हायचं होतं. त्यासाठी त्यांनी रस्ता बांधून दिला होता, विहीर बांधून दिली होती, एका साहेबाला वाघही मारू दिला होता, आणि तरी ते अजून झाले नव्हते. प्राचीन घंटा सरकारला अर्पण केली तर काम होईल असं दिवाणजींचं मत होतं.

इतक्यात गावातली एक गोंड म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, घंटा आमची आहे.

तिचं म्हणणं असं की घंटा त्यांच्या घरच्या देवाची. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत घरोघर माणसं मरायला लागली तेव्हा तिच्या सासऱ्यानं, देव झोपावा, त्याचा राग शांत व्हावा म्हणून, घंटा तलावात बुडवली. अशी बुडवलेली वस्तू आपणहून वर येईपर्यंत तिच्याबद्दल बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून इतकी वर्षं कोणी बोललं नव्हतं. सासरा गेला, नवरा गेला, जावा गेल्या. डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला ती एकटी उरली होती, आणि एकटीच्या बोलण्याला तहसिलीत वजन नव्हतं.

कायदा मला ह्यांनी समजावून सांगितला. जमिनीत सापडलेली मोलाची वस्तू गेल्या शंभर वर्षांत कोणी लपवली असं ठरलं, तर ती त्याच्या वारसांना मिळते. तसं ठरलं नाही तर त्यांचा हक्क संपला. मग ती नागपूरला संग्रहालयात जाते आणि खाली एक चिठ्ठी लागते.

"म्हणजे म्हातारीला घंटा नवी निघायला हवी," मी म्हटलं.

"हो."

"आणि तुम्हाला?"

हे पोतं सोडायला लागले.

ह्यांना ती जुनी निघायला हवी होती. वैनगंगेच्या पलीकडे, बालाघाटच्या अंगाला, आमच्या जन्माच्या आधी कधीतरी तांब्याच्या प्राचीन कुऱ्हाडींचा मोठा साठा सापडला होता. ह्यांचं त्यावर बरंच वाचन होतं. तांबं इकडे मिळतं, कथील मिळत नाही. तेव्हा प्राचीन कांसं इथे सापडलं तर त्यातलं कथील लांबून आलं असणार, आणि ते कुठल्या वाटेनं आलं हे धातूच्या पृथक्करणावरून ताडता येईल, असा त्यांचा विचार होता. एका इंग्रजी नियतकालिकासाठी लेखाचं शीर्षक त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. लेख नव्हता, शीर्षक होतं.

घंटा पोत्यातून निघाली तेव्हा मी कोंडा सुपात गोळा करत होते. मी म्हटलं, "हिरवी होती म्हणाला ना शिपाई? ही तर पांढरी आहे."

"धुतली असेल," हे म्हणाले. "कथील जास्त असलं की कांसं पांढरं दिसतं. जुन्या काळी त्याचे आरसे करत."

ते सायन्सचे शिक्षक. मी कोंडा कोठीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ओट्याखाली, कडुलिंबाच्या सावलीत, एक म्हातारी बसलेली. हातभर गोंदलेलं, लुगडं गुडघ्यापर्यंत, शेजारी गाठोडं आणि मडकं. चांद्याकडून येणाऱ्या छोट्या गाडीनं आली होती.

"मास्तर इथंच राहते का?" तिनं विचारलं.

"हो. काय काम आहे?"

"काई काम नाई. घंटा आत हाये ना? मंग मी इथं बसतो. ते जितं जाईन, मी तितं."

"माय, घंटा सरकारी ताब्यात आहे. तिला काही होणार नाही."

"सरकारच्या ताब्यात हाये म्हनूनच बसून राहिलो."

तिला उठवणं शक्य नव्हतं. मी हिशोब केला: दोन वेळचं जेवण, पाण्याचा माठ, रात्री पडवी. शेजारच्या शेठाणीबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "मास्टरनीजी, ये कौन बैठी है?" मी म्हटलं, "घंटी की मालकिन." त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे.

म्हातारी बोलकी होती, आणि मला निवडायच्या तांदळाला माणूस मिळालं. तांदूळ निवडता निवडता तिनं जे सांगितलं त्यावरून घंटेचा एवढा आग्रह का, हे मला कळलं. तिच्या घरी नवी सून आली की तिला देवाच्या खोलीत नेतात आणि सासू घंटा वाजवून देवाला सांगते, ही आपली झाली. तोवर सून पाहुणी. पाहुणीनं घरातलं सगळं करावं, पण देवाचा भात शिजवू नये आणि देवाच्या खोलीचा उंबरा ओलांडू नये. तिच्या मुलाचं लग्न मानमोडीच्या पुढच्या वर्षी झालं. घंटा तलावात. सून घरात आली, तिला मुलं झाली, थोरली मुलगी आता लग्नाची झाली, आणि सून अजून पाहुणीच.

"दुसरी घंटा घ्यायची," मी म्हटलं. "गोंदियाच्या बाजारात मिळते."

"तुह्या घरी सासू मेली तं बाजारातून आनतेस का?"

मी खडे वेचत राहिले.

"देवाचा भात मीच शिजवतो," ती म्हणाली. "हात कापून राहिले माहे. मागच्या टायमाले मडकं चुलीतच सुटलं. मी मेल्यावर देवाले कोन घालन? पाहुनी? देव म्हनन, ही कोन बाई आहे, हिचा भात मी कायले खाऊ?"

म्हणजे तिला वेळ कमी होता, आणि तिच्या मागे सबंध घराचा देव उपाशी राहणार होता. मी ते नीट लक्षात ठेवलं आणि ह्यांना जेवताना सांगितलं. ह्यांनी ऐकलं आणि भात मागून घेतला.

पृथक्करण मागच्या पडवीत झालं, कारण शाळेची प्रयोगशाळा सुट्टीत बंद होती. तराजू, काचेची भांडी आणि बाटल्या शाळेतून आणल्या. त्यांची यादी मी केली आणि मुख्याध्यापकांना पाठवली, कारण ह्यांनी केली असती तर निम्म्या बाटल्या आमच्याच झाल्या असत्या. माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. स्टोव्ह माझा होता, तो मी दुपारपुरता दिला.

ह्यांनी घंटेच्या बाहेरून कानशीनं थोडा कीस काढला, तोलला, काचेत घातला आणि वर तेजाब ओतलं. तपकिरी धूर निघाला. म्हातारी ओट्यावरून उठून आली.

"जाळून राहिले का मास्तर?"

"विरघळवतो आहे, माय. तांबं पाण्यात उतरतं, निळं होतं. कथील उतरत नाही, पांढरा साका खाली बसतो. मग तो तोलायचा."

साका पुष्कळ बसला. इतका, की ह्यांनी पुन्हा कीस काढून पुन्हा केलं. पुन्हा तितकाच. निम्म्याहून अधिक कथील. हे संध्याकाळी फिरायला गेले नाहीत. पडवीत येरझारा घातल्या आणि म्हातारीसमोर उभे राहून म्हणाले, "माय, ही घंटा हजार वर्षांचीही असू शकेल. जास्तच."

म्हातारी भडकली. "हजार वर्साची काऊन राहीन? माह्या डोऱ्यासमोर ओतली न जी! जुनी घंटा तडकली होती, ते मोडून ओतली. सगळ्या सुनांनी आपल्या आपल्या हातानं त्यात टाकलं. मी आना टाकला. रेलच्या मातीकामावर भेटला होता, नवा. जावांनीबी तेच टाकले, मूठ मूठ. अन म्हने हजार वर्साची!"

"हो, हो," हे म्हणाले आणि आत जाऊन लिहायला बसले. त्यांनी हे ऐकलं नव्हतं. कथील निम्म्याच्या वर निघालं की माणसाला ऐकू कमी येत असावं.

तहसीलदारांना पाठवायच्या अहवालाचा खर्डा तयार झाला. त्यात "अत्यंत प्राचीन" हे शब्द होते. मी तो शाईनं स्वच्छ उतरवून काढायचा होता. ह्यांचं अक्षर तहसिलीत कोणालाच लागत नसे. मी म्हटलं, उद्या सकाळी करते, आज कल्हईवाला यायचा आहे.

कल्हईवाला आमच्याकडे दर दोन महिन्यांनी येई. भाता अंगणात रोवी, कोळसा पेटवी, आणि माझी भांडी मी सांगेन त्या क्रमानं करी. आधी दुधाची, मग ताकाची, मग उरलेली. त्या दिवशी तो पातेली न्यायला मागच्या पडवीत आला आणि मेजावरची घंटा पाहून थांबला.

"अरे बाईजी! ये घंटी आपके यहाँ कैसे?"

"का? तुला काय माहीत?"

"मालूम काय को नहीं? अपन ने ही तो की है." त्यानं घंटा उचलून उलटी केली आणि कौतुकानं आत पाहिलं. "अंदर बाहर, दोनों. नवसागर मेरा, राँगा मेरा. अर्जुनी के उधर मालगुजार साहब के यहाँ. हरी-हरी हो गई थी पूरी. दीवानजी बोले, साहब लोगों के सामने ऐसी रखेंगे क्या? पहले इमली से घिसवाई, रेती से घिसवाई, फिर मेरे को दी. काम देखो आप. एक डाग नहीं."

हे दारात उभे होते. म्हातारी ओट्यावर होती. राँगा म्हणजे कथील, हे सांगायची गरज नव्हती. अंगणात कोळसा तसाच धुमसत होता आणि ताकाचं पातेलं जळण्याच्या बेतात होतं, म्हणून मी त्याला तिकडे पाठवलं.

ह्यांनी माझ्या केसांतली पिन मागितली. घंटेच्या काठावर एक रेघ ओढली. पांढऱ्याखालून पिवळसर तांबूस निघालं.

"मी दिवाणजींच्या कल्हईचं पृथक्करण केलं," हे म्हणाले.

"दोनदा," मी म्हटलं.

दिवाणजींचाही मी विचार करून पाहिला. त्यांचं काही चुकलं असं त्यांना आजही वाटत नसेल. कल्हई उडालेलं भांडं पाहुण्याला दिलं तर घराची शोभा होते. मग तहसीलदार येणार म्हणजे घंटा चकचकीत करून ठेवणं हे कोणीही केलं असतं. फक्त घंटेच्या वयाचा जो काही हिरवा पुरावा होता, तो चिंच आणि रेती लावून मालगुजारांच्या मोरीतून वाहून गेला होता. ज्यांना ती प्राचीन ठरवायची होती त्यांनीच तो घासला होता.

दुपारी हे म्हातारीजवळ जाऊन बसले. खाली, मातीवर. मी दारातून पाहत होते.

"माय, तो आणा कसा होता?"

"आन्यासारखा."

"तांब्याचा?"

"तांब्याचा कायले? पांढरा. काठ असा कुरतडेल, उंदरानं खाल्ल्यावानी. तवा नवाच निघाला होता. लोक म्हनत खोटा आहे. म्हनून तं देवाले टाकला, बाजारात चालला नाई तं?"

"आणि जावांनीही तेच टाकले?"

"हो तं. दागिन्याले हात लावाले कोनाचं मन होते? रेलवाल्यानं सगळ्याइले तेच आने देल्ले होते. एकीनं गिलटचं जोडवं टाकलं. पाटलीन होती ते. मोठी दानत."

हे उठून आत गेले. जेवताना मला म्हणाले, "तो आणा निकेल घालून केलेला असतो. गिलटातही निकेल असतं. जुन्या कांस्यात असलंच तर नावाला. मूठ मूठ आणे पडले असतील तर घंटेत ते सापडायला पाहिजे."

"नाही सापडलं तर?"

"तर म्हातारीचा हक्क सिद्ध होत नाही."

"आणि सापडलं तर?"

"तर माझा लेख गेला." त्यांनी वरण वाढून घेतलं. "मीठ बरोबर आहे आज."

त्याच संध्याकाळी त्यांनी नागपूरच्या एका मित्राला पत्र लिहिलं. निकेल ओळखायला एक लांबलचक नावाचं पांढरं चूर्ण लागतं, ते आमच्या शाळेत नव्हतं. मी पत्र स्वतः टपालात टाकलं. ह्यांच्या खिशात पत्रं आठ आठ दिवस राहतात.

चूर्ण येईपर्यंत धातूचा नमुना घ्यायचा होता. वरचा कीस चालणार नव्हता. काठ जाड होता तिथे, आतल्या बाजूनं, भोक पाडून खोलवरचा भुगा काढावा लागणार होता. रेल्वेच्या कारखान्यातल्या एका फिटरानं गिरमीट द्यायचं कबूल केलं. म्हातारीला विचारायचं काम ह्यांनी माझ्याकडे दिलं. घरात अशी कामं माझ्याकडेच असतात.

मी तिला पानसुपारी दिली आणि सरळ सांगितलं. गोल गोल बोलण्यात वेळ जातो.

"देवाच्या घंटेले भोक?" ती म्हणाली.

"लहानसं. आतून. आरपार नाही."

"कायले?"

"तुझा आणा शोधायला."

ती पान चघळत राहिली. "माह्या सासरा असता तं त्यानं मास्तराचं डोस्कं फोडलं असतं."

"असता तर भोक पाडायची वेळच आली नसती, माय. त्यानंच सांगितलं असतं."

"हे बी खरं." ती थुंकून आली. "पाडा. पन जेवढा चुरा निघन तेवढा परत. देवाचं हाये, एक कनबी ठेवाचा नाई."

"त्यातला काही विरघळवायचा आहे."

"मंग ते पानी परत."

ही अट मी मान्य केली. ह्यांना विचारलं नाही.

भोक पाडताना ती भिंतीकडे तोंड करून बसली. गिरमीट फिरलं, पिवळा भुगा कागदावर पडला, कुठे सांडला नाही, कारण खाली मी परात ठेवली होती. परात माझी होती. भांड्यांना हात लावायचा नाही हा नियम तिथे मोडला.

ह्या वेळी पांढरा साका थोडाच बसला, आणि वरचं पाणी मोरपंखी झालं. नीट, शहाण्यासारखं कांसं. मग तांबं काढून टाकायला ह्यांनी त्या पाण्यातून एक वायू सोडला. लोखंड-गंधकाचे काळे खडे आणि तेजाब मिळून तो तयार होतो, आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. तासाभरात शेठाणीबाई भिंतीवर.

"मास्टरनीजी, हम कुछ बोलते नहीं, लेकिन आप लोग तो अंडा खानेवाले नहीं थे."

"आताही नाही. हे घंटीतून तांबं काढत आहेत."

"और ये अंडा?"

"अंडं नाही."

त्या बराच वेळ विश्वास न ठेवता उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं की मास्तरच्या घरी जंगलातली बाई अंड्यांवर मंत्र टाकते. भाजीवाली पुढच्या दारानं यायची बंद झाली. मी भाजी बाजारातून आणली.

तांबं गेलं. जस्त निघालं, म्हणजे कुणीतरी पितळेचं भांडंही टाकलं होतं. पण जस्त आपल्याकडे फार जुनं आहे, त्यानं काही ठरत नाही, असं हे म्हणाले. राहिलेलं पाणी त्यांनी बूच लावून ठेवलं. चूर्ण आलं त्या दिवशी त्यांनी आधी माझी काशाची वाटी मागितली. माझ्या आईची, तिच्या आईकडून आलेली. पायाला तूप चोळायची. तिचा किंचित कीस काढून तेच सगळं तिच्यावरही केलं.

"तुलना पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर लाल दिसलं तरी मला पटणार नाही."

"लाल?"

"निकेल असेल तर."

दोन काचेच्या नळ्या. एकीत माझ्या आजीच्या वाटीचं पाणी, दुसरीत घंटेचं. म्हातारी मेजाच्या कडेला हात धरून उभी राहिली. तिला बसायला पाट दिला होता, ती बसली नाही. ह्यांनी वाटीच्या नळीत स्पिरिटात विरघळवलेल्या चूर्णाचे थेंब टाकले. हलवलं. काही झालं नाही. पाणी तसंच.

मग घंटेच्या नळीत. पहिल्या थेंबाला काही दिसलं नाही. दुसऱ्याला एक गुलाबी धागा खाली उतरला. ह्यांनी नळी हलवली आणि सगळं लालभडक झालं. पिंजरीसारखं, कुंकू कालवल्यासारखं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नळी स्टँडला लावली, हात पुसले आणि म्हणाले, "माय, हा तुझा आणा."

म्हातारी जवळ गेली. "माह्या आना तं पांढरा होता. लाल काऊन झाला?"

"ह्या औषधानं तो लाल दिसतो. दुसरं काही असतं तर दिसला नसता."

ती नळीत पाहत राहिली. "लोक म्हनत खोटा आहे," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुह्या आजीचं काईच नाई निंगालं." तिला त्याचं मनापासून वाईट वाटलं होतं.

अहवाल मी उतरवून काढला. "अत्यंत प्राचीन" गेलं. त्या जागी आलं की नमुन्यात निकेल स्पष्ट आढळतं. ते जुन्या धातूत या प्रमाणात असत नाही. मिश्रणात निकेलयुक्त चलनी नाणी वा गिलट वितळवलं गेल्याचं दिसतं, आणि तशी नाणी चालू शतकातली आहेत. सबब घंटा त्यानंतर ओतली गेली, आणि दावा करणाऱ्या बाईच्या जबानीशी हे जुळतं. शेवटी ह्यांनी एक वाक्य घातलं. घंटेत आधीची मोडलेली घंटा मिसळलेली असल्यानं, आणि तिच्यात तिच्याही आधीची असण्याचा संभव असल्यानं, यातला काही धातू किती जुना व कुठला हे सांगता येत नाही. मी म्हटलं, हे वाक्य तहसीलदारांच्या कामाचं नाही. ते म्हणाले, असू दे. मी असू दिलं. लेखाच्या शीर्षकाचा कागद त्यांनी उलटा करून त्यावर बाटल्यांचा हिशोब लिहिला.

दिवाणजी एकदा येऊन गेले. त्यांनी विचारलं, रंग थोडा कमी लाल लिहिता येईल का. हे म्हणाले, लाल कमी लिहिला तरी आणा तेवढाच राहतो. दिवाणजींनी चहा घेतला, आमच्या पातेल्यांची कल्हई पाहिली आणि कोणाकडून करून घेता असं विचारलं. मी सांगितलं. "आमचाच आहे तो," ते म्हणाले. "फार उत्तम काम."

निकाल पावसाळ्याच्या तोंडावर लागला. घंटा म्हातारीच्या घरी द्यावी. मालगुजारांनी त्यानंतर धर्मशाळा बांधायला घेतली.

आम्ही दोघं म्हातारीला घेऊन छोट्या गाडीनं अर्जुनीला गेलो आणि पुढे तिच्या मुलाच्या बैलगाडीतून गावी. सामान मी स्वतः बांधलं होतं: घंटा, उरलेला भुगा आणि कथलाचा पांढरा साका कागदाच्या पुड्यांत, निळं-हिरवं पाणी बाटलीत, तांब्याचा काळा साका दुसऱ्या बाटलीत, आणि लाल साका गाळणकागदावर वाळवलेला. एक कणही ठेवायचा नाही, असं ठरलं होतं. पाण्यात तेजाब होतं, त्या बाटलीला कोणी हात लावू नये म्हणून मी तिच्यावर चिंधी शिवून घेतली होती.

घर शेणानं सारवलेलं होतं. म्हातारीची सून दारात उभी होती. माझ्याच वयाची, हात काळे, चेहरा शांत. तिनं पाय धुवायला पाणी दिलं आणि आत गेली, देवाच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. थांबण्याची तिला इतकी सवय होती की तिनं खाली पाहिलंही नाही.

म्हातारीनं घंटा उलटी करून भोकात बोट घातलं. मग सुनेला म्हणाली, "जोडवं काढ."

"काऊन?"

"सगळ्या सुनांचं आहे ह्यात. तुह्यं नाई. आता कोन ओतते पुन्हा? मास्तरानं जागा करून देल्ली आहे, तितं टाक."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. गावच्या लोहाराला बोलावणं आधीच गेलं होतं. सुनेनं जोडवं काढलं, लोहारानं त्याचा तुकडा तोडून भोकात बसवला, आतून हातोडीनं ठोकून पक्का केला. उरलेला तुकडा सुनेनं कनवटीला लावला. बाटल्या आणि कागद म्हातारीनं देवाच्या खोलीत नेऊन कोपऱ्यात ओळीनं मांडले.

मग तिनं सुनेचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं आणि लाकडानं घंटा वाजवली. आवाज फार चांगला नव्हता. कल्हई, भोक, लोलक नाही. मला तरी तो पातेल्यावर डाव आपटल्यासारखा वाटला. म्हातारी गोंडीत काहीतरी बोलली, मोठ्यानं, देवाला कमी ऐकू येत असल्यासारखं. मुलगा बाहेर उभा होता, त्यानं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

भात सुनेनं शिजवला. देवापुढे ठेवला, मग आम्हाला पानांवर वाढला. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिनं एक घास घेतला, चावला, आणि म्हणाली, "कच्चा आहे."

"नाई जी, शिजला आहे," सून म्हणाली.

"मी म्हनतो कच्चा आहे."

"तुमाले दात नाईत म्हनून लागते."

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत सून उलटून बोलली नव्हती, हे मला मुलाच्या चेहऱ्यावरून कळलं. म्हातारीनं दुसरा घास घेतला आणि पान संपवलं.

जेवण झाल्यावर मी सवयीनं उठले आणि पत्रावळी गोळा करायला लागले. दोन उचलल्या होत्या. सुनेनं येऊन त्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

"तुमी कायले उठता बाई?" ती म्हणाली. "बसा. पाहुन्याइनं हात नाई लावाचा."